चार तळहातांचा हिशेब

मोटारींची शर्यत म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? ताशी तीनशे किलोमीटरने धावणाऱ्या, जमिनीला चिकटल्यासारख्या दिसणाऱ्या आणि कोट्यवधी रुपये किमतीच्या गाड्या! पण शर्यतीचा एक प्रकार याच्या अगदी उलट आहे. त्यात माणूस ज्या गाडीतून सोमवारी कचेरीत जातो, तीच गाडी घेऊन रविवारी मैदानात उतरतो. वेग एरवी महामार्गावर असतो त्यापलीकडे सहसा जात नाही. मैदानावर एका वेळी एकच गाडी धावते आणि तिचा प्रतिस्पर्धी असतो घड्याळाचा काटा. या प्रकाराला ऑटोक्रॉस म्हणतात.

अमेरिकेत हा हौशी लोकांचा फार आवडता खेळ आहे. १९४४ साली स्थापन झालेली ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था तो ‘सोलो’ या नावाने भरवते. त्याची राष्ट्रीय स्पर्धा १९७३ मध्ये सुरू झाली आणि २००९ साली ती नेब्रास्का राज्यातील लिंकन या गावी गेली. वापरात नसलेली धावपट्टी किंवा एखादा विस्तीर्ण वाहनतळ घ्यायचा, त्यावर नारिंगी रंगाचे प्लॅस्टिकचे शंकू मांडून नागमोडी वाट आखायची, आणि प्रत्येकाने ती कमीत कमी वेळात पार करायची. साधारण एका मिनिटाचा मामला! शंकू पाडला तर प्रत्येक शंकूमागे २ सेकंदांचा दंड, आणि वाट चुकली तर ती फेरी बाद. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात, कारण पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात कित्येकदा तेवढेच अंतर असते. ब्रिटनमध्ये मात्र ऑटोक्रॉस म्हणजे गवताच्या किंवा मातीच्या मैदानावरील शर्यत. आपल्याकडील मोटर क्लबही ऑटोक्रॉस भरवतात, ती पुष्कळदा मातीवरच असते. या लेखात आपण डांबरावरील, शंकूंच्या ऑटोक्रॉसचा विचार करणार आहोत.

आता गंमत पाहा. या स्पर्धेसाठी गाडी ‘तयार’ करणारा माणूस इंजिनाला बहुधा हातच लावत नाही. रस्त्यावरच्या साध्या गाड्यांच्या वर्गात तशी परवानगीच नसते. तो टायरमधली हवा कमीजास्त करतो, एखादी दांडी बदलतो, शॉक ॲब्सॉर्बर बदलतो, चाके किंचित तिरपी करतो आणि डिकीतली स्टेपनी काढून ठेवतो. एवढ्याने एका मिनिटाच्या फेरीत एखाद-दोन सेकंद वाचू शकतात. हे सेकंद येतात कोठून? त्यासाठी लागणारे सगळे पदार्थविज्ञान तुमच्या शालेय पुस्तकातच आहे.

गाडीला वळवते कोण?

गाडीला सुकाणूचे चक्र वळवते, असे आपण म्हणतो. पण बर्फाच्या लादीवर हे चक्र कितीही फिरवले तरी गाडी सरळच जाईल. वळायचे तर केंद्राच्या दिशेने बल हवे. हे अभिकेंद्री बल गाडीला फक्त एकाच ठिकाणाहून मिळू शकते. ते ठिकाण म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यामधील घर्षण.

टायर रस्त्याला टेकतो तरी किती? समजा, गाडीचे वजन चालकासह १००० किलोग्रॅम आहे. म्हणजे प्रत्येक चाकावर २५० किलोग्रॅम भार. (सोयीसाठी या लेखात सगळी बले किलोग्रॅम-भारातच मोजू.) टायरमध्ये दर चौरस इंचाला ३० पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम दाब आहे. टायरच्या कडांचा स्वतःचा ताठपणा सोडून दिला, तर जमिनीवर टेकणारे क्षेत्रफळ २५० भागिले २.१, म्हणजे सुमारे ११९ चौरस सेंटिमीटर येईल. स्वतःचा तळहात मोजून पाहा. जवळपास तेवढेच भरेल! चारही टायरांचे मिळून क्षेत्रफळ ४७६ चौरस सेंटिमीटर झाले. ए-४ आकाराचा कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. एवढी थोरली गाडी एका कागदाहून कमी जागेवर उभी असते. तिला पळवायचे, थांबवायचे आणि वळवायचे सारे काम हे चार तळहातच करतात.

वळणावर गाडी किती वेगाने जाऊ शकेल हे आता सहज काढता येईल. जास्तीत जास्त घर्षण म्हणजे घर्षणांक गुणिले वजन. लागणारे अभिकेंद्री बल म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या. दोन्ही समान मांडले की

वेग = √(घर्षणांक × गुरुत्वीय त्वरण × त्रिज्या)

ऑटोक्रॉसमधल्या एखाद्या वळणाची त्रिज्या १५ मीटर आणि घर्षणांक ०.९ धरला तर वेग सेकंदाला ११.५ मीटर, म्हणजे ताशी ४१ किलोमीटर येतो. घर्षणांक १.० करता आला तर तो सेकंदाला १२.१ मीटर होतो. अर्धवर्तुळाकार वळणाची लांबी ४७ मीटर. ते पार करायला पहिल्या गाडीला ४.१ सेकंद लागतील आणि दुसरीला ३.९. एका वळणात ०.२ सेकंद! अशी आठ-दहा वळणे असतील तर इंजिनाला हात न लावता वेळ कसा वाचतो, हे तुमच्या ध्यानात आले असेल.

म्हणूनच चांगले टायर ही पहिली पायरी ठरते. अमेरिकेत टायरच्या कडेवर त्याच्या झिजेचा एक अंक छापलेला असतो. ठरावीक नमुन्याच्या टायराची झीज १०० धरली, तर २०० अंकाचा टायर दुप्पट टिकावा असा त्याचा अर्थ. साधारणपणे रबर जितके मऊ, तितकी पकड चांगली आणि आयुष्य कमी. साध्या गाड्यांच्या वर्गात २०० पेक्षा कमी अंकाचा टायर चालत नाही, नाही तर लोक एका रविवारी झिजून जाणारे टायर लावून आले असते.

हवेचा दाब आणि खडूची खूण

टायर तर घेतले. आता त्यांत हवा किती भरायची? हवा कमी पडली तर वळणावर टायर घडी पडल्यासारखा कलंडतो आणि त्याची कड जमिनीला घासते. हवा जास्त झाली तर टायर फुगून मधोमधच टेकतो. दोन्ही प्रकारांत तळहात पुरता टेकत नाही. स्पर्धक यावर एक सोपा उपाय करतात. टायरच्या कडेवर, नक्षी जेथे संपते तेथे, खडूने आडवी रेघ ओढतात आणि एक फेरी मारून येतात. खडू नक्षीच्या पलीकडे पार कडेपर्यंत पुसला गेला असेल तर हवा कमी आहे. नक्षीवरचाही खडू शाबूत असेल तर ती जास्त आहे. नेमका काठापर्यंत पुसला गेला की दाब जमला!

पण एक फेरी झाली की टायर तापतो आणि दाब वाढतो. किती? २५ अंश सेल्सिअसला ३० पौंड असलेली हवा ५५ अंशांवर गेली असे समजा. येथे पुष्कळ विद्यार्थी चटकन ३० ला ३२८/२९८ ने गुणून ३३ असे उत्तर देतात. ते चूक आहे. दाबमापक वातावरणाच्या दाबापेक्षा किती जास्त तेवढेच दाखवतो. वायूचा नियम लावताना वातावरणाचे १४.७ पौंड आधी मिळवले पाहिजेत. ४४.७ × ३२८/२९८ = ४९.२, त्यातून १४.७ वजा केले की ३४.५ पौंड उरतात. म्हणजे वाढ ३ पौंडांची नसून साडेचार पौंडांची आहे. म्हणून दोन फेऱ्यांच्या मध्ये स्पर्धक हातात दाबमापक घेऊन हवा सोडताना, किंवा टायरांवर पाण्याचा फवारा मारताना दिसतात.

भार सरकतो, पण किती?

एस.टी. डावीकडे वळली की उभ्या प्रवाशाचा तोल उजवीकडे जातो. गाडीचेही तेच होते. वळणारे बल रस्त्याच्या पातळीवर लागते, पण गाडीचा गुरुत्वमध्य असतो त्याच्या वर. म्हणून गाडी बाहेरच्या बाजूला कलू पाहते, आतल्या चाकांवरचा भार कमी होतो आणि बाहेरच्या चाकांवरचा तेवढाच वाढतो.

आपल्या १००० किलोग्रॅमच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५ मीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १.४ मीटर आहे असे धरू. १९८९ साली आलेल्या माझ्दा मियाटा या छोट्या दोन आसनी गाडीची मापे जवळपास अशीच होती, आणि ऑटोक्रॉसवाल्यांची ती लाडकी गाडी आहे. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ती ताशी ४० किलोमीटरने गेली तर तिचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या ०.८४ पट होते. म्हणजे बल ८४० किलोग्रॅम. त्याचे परिबल ८४० × ०.५ = ४२०. ते तोलून धरण्यासाठी सरकणारा भार × १.४ = ४२० असायला हवा. म्हणजेच ३०० किलोग्रॅम भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. सरळ जाताना दोन्ही बाजूंना ५००-५०० होते. वळणावर आत २०० आणि बाहेर ८०० राहिले.

या गणितात काय काय आले ते पाहा. वस्तुमान आले, त्वरण आले, गुरुत्वमध्याची उंची आली आणि चाकांतील अंतर आले. स्प्रिंग कोठेच आली नाही! स्प्रिंगा कडक केल्या की गाडी कलत नाही आणि म्हणून भार सरकत नाही, अशी भल्याभल्यांची समजूत असते. कडक स्प्रिंगेने गाडी कमी कलते हे खरे, पण भार जवळजवळ तेवढाच सरकतो. स्प्रिंगा अजिबात नसलेल्या बैलगाडीतही तो सरकतोच.

सरकणारा भार ५०० झाला तर? आतली चाके हलकी होऊन जमीन सोडतील. त्यासाठी आपल्या गाडीत १.४ पट गुरुत्वीय त्वरण लागेल. टायर तेवढी पकड देऊ शकत नाहीत, म्हणून ही गाडी उलटण्याआधी घसरेल. पण गुरुत्वमध्य ०.७ मीटरवर असता तर १.० पटीलाच चाके उचलली गेली असती. उंच आणि अरुंद गाड्यांना या स्पर्धेत घेत नाहीत, त्याचे कारण हेच.

जास्त भार, जास्त पकड. पण त्या प्रमाणात नाही

तुम्ही म्हणाल, भार सरकला तर बिघडले काय? आतल्या चाकाची पकड कमी होईल, बाहेरच्याची वाढेल, आणि बेरीज तीच राहील! घर्षणांक कायम राहिला असता तर तुमचे म्हणणे बरोबर होते. पण रबर पाठ्यपुस्तकातील लाकडी ठोकळ्यासारखे वागत नाही. त्यावर भार वाढला की घर्षणही वाढते, पण भाराच्या प्रमाणात नव्हे. घर्षणांक हळूहळू उतरत जातो.

उदाहरणादाखल असे समजा की चाकावर २५० किलोग्रॅम भार असता घर्षणांक १.०, १०० असता १.१ आणि ४०० असता ०.९ आहे. पुढच्या जोडीवर समान भार असेल तर पकड २५० + २५० = ५००. आता सरकलेल्या ३०० पैकी १५० पुढे आणि १५० मागे सरकले असे धरू. प्रत्येक जोडीत आतल्या चाकावर १०० आणि बाहेरच्यावर ४०० भार आला. पकड झाली ११० + ३६० = ४७०. प्रत्येक जोडीमागे ३० किलोग्रॅमची तूट! भार सरकणे म्हणजे पकडीचा तोटा, आणि ऑटोक्रॉससाठी गाडी तयार करण्याच्या साऱ्या शास्त्राच्या मुळाशी हे एवढेच आहे.

गाडी हलकी केल्याने काय साधते, याचे उत्तरही येथेच मिळते. वेगाच्या वरील सूत्रात वस्तुमान नाही, मग स्टेपनी काढण्याचा खटाटोप कशाला? कारण भार कमी झाला की घर्षणांक किंचित वाढतो. शिवाय तेच इंजिन आणि तेच ब्रेक कमी वस्तुमानाला जास्त त्वरण देतात. ३० लिटर पेट्रोल कमी भरले तरी सुमारे २२ किलोग्रॅम वजन वाचते. मात्र टाकी अगदी रिकामी ठेवूनही चालत नाही. वळणावर जडत्वामुळे उरलेले पेट्रोल एका बाजूला जाते, नळीच्या तोंडाशी हवा येते आणि ऐन फेरीत इंजिन आचके देऊ लागते.

पालखीचे भोई

सरकणारा एकूण भार ठरलेला आहे. तो आपल्या हाती नाही. पण तो पुढच्या चाकांच्या जोडीने किती सोसायचा आणि मागच्या जोडीने किती, हे मात्र आपल्या हाती आहे. त्यासाठी गाडीखाली एक आडवी पोलादी दांडी असते. तिला अँटीरोल बार म्हणतात. तिची दोन टोके डाव्या आणि उजव्या चाकांच्या आधारांना जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर उचलली गेली तर ती आपल्या जागी नुसती फिरते. पण एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की तिला पीळ पडतो आणि ती विरोध करते. भरीव दांडीचा हा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. २० मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटरची दांडी लावली तर १.१ चा चौथा घात म्हणजे १.४६, ताठपणा ४६ टक्क्यांनी वाढला!

आता पालखी आठवा. पुढचे भोई गुडघे ताठ ठेवून चालले आणि मागचे वाकले, तर जास्त भार कोणावर येईल? अर्थात ताठ राहिलेल्यांवर. गाडीचा सांगाडा पालखीसारखाच एकसंध असतो. तो पुढे आणि मागे सारखाच कलतो. म्हणून जिकडची दांडी अधिक ताठ, तिकडच्या जोडीवर सरकणाऱ्या भाराचा अधिक वाटा येतो.

समजा, पुढची दांडी जाड केली आणि ३०० पैकी २०० पुढे आणि १०० मागे अशी वाटणी झाली. आधीच्याच हिशेबाने पुढची पकड सुमारे ४४७ आणि मागची ४८७ होते. एकूण बेरीज वाढली नाही. उलट ९४० ची ९३४ झाली. पण पुढची चाके आता आधी घसरतील. चालक चक्र वळवतो आहे आणि गाडी सरळच जाऊ पाहते आहे, या वागण्याला अंडरस्टिअर म्हणतात. मागची दांडी जाड केली तर याच्या उलट होते. मागची चाके आधी सुटतात आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. त्याला म्हणतात ओव्हरस्टिअर.

मग कोणती दांडी बदलावी? साध्या गाड्यांच्या वर्गात नियमाने एकच बदलता येते, म्हणून विचार करूनच निवडावी लागते. ज्या गाडीचे इंजिन पुढे असते आणि पुढचीच चाके इंजिनाने फिरतात, तिचे नाक जड असते. तिची पुढची चाके आधीच थकलेली असतात. म्हणून मागची दांडी जाड करून मागच्या चाकांना जास्त भार सोसायला लावतात. मियाटासारख्या मागची चाके फिरवणाऱ्या गाडीत पुष्कळ जण पुढची दांडी जाड करतात, कारण वळणातून बाहेर पडताना मागचे आतले चाक फार हलके होऊन नुसतेच गरगरते. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखेच परिबल देतो. त्यामुळे एक चाक गरगरू लागले की दुसऱ्याचेही बळ वाया जाते. वरच्या उदाहरणात मागच्या आतल्या चाकावरचा भार १०० वरून १५० झाला, हा त्यातला फायदा.

तिरपी चाके आणि शॉक ॲब्सॉर्बर

एकूण भार तेवढाच सरकतो, तर गाडीचे कलणे रोखायचे कशाला, असा प्रश्न आता तुम्हाला पडेल. गाडी कलली की तिच्याबरोबर चाकेही कलतात आणि टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. मग तळहाताऐवजी नुसती करंगळी टेकते! म्हणून चाकांची वरची बाजू आधीच एक ते तीन अंश आत झुकवून ठेवतात. याला ऋण कॅम्बर म्हणतात. वळणावर गाडी कलली की बाहेरचे चाक बरोबर उभे होते. अर्थात सरळ रस्त्यावर हेच चाक आतल्या कडेवर चालते आणि ती कड लवकर झिजते.

शॉक ॲब्सॉर्बरचे काम वेळेशी निगडित आहे. एका ओळीत १८-१८ मीटरवर मांडलेल्या शंकूंमधून ताशी ५० किलोमीटरने नागमोडी जाताना दर १.३ सेकंदांनी दिशा बदलते. एका बाजूचे झुलणे थांबण्याआधी दुसऱ्या बाजूचे सुरू झाले तर झोपाळ्याला लयीत धक्के दिल्यासारखे होईल. शॉक ॲब्सॉर्बरमधील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाताना ही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते आणि गाडी चटकन स्थिर होते. स्प्रिंग गाडी किती कलेल हे ठरवते. शॉक ॲब्सॉर्बर किती लवकर कलेल हे ठरवतो.

पकड एक, वाटेकरी दोन

यानंतर पाळी चालकाची. टायरची पकड एकच असते. ती वळण्यासाठी आणि ब्रेकसाठी वाटून घ्यावी लागते. ही बले परस्परांना लंब असतात, म्हणून येथे पायथागोरसचा सिद्धांत लागतो. एकूण पकड १ असेल आणि त्यातली ०.६ ब्रेककडे गेली, तर वळण्यासाठी ०.८ उरते. पूर्ण जोराने ब्रेक दाबला तर वळण्यासाठी शून्य! म्हणून कसलेला स्पर्धक वळणाआधी सरळ रेषेत ब्रेक लावतो आणि वळू लागताच पाय हळूहळू सैल करतो. स्पर्धेपूर्वी सगळे स्पर्धक त्या वाटेवरून पायी फिरतात, ते ब्रेक कोठे लावायचा हे ठरवण्यासाठीच.

गाडी तयार करण्याची रीतही प्रयोगशाळेतल्यासारखीच आहे. एका वेळी एकच बदल करायचा, घड्याळ लावायचे आणि वहीत नोंद करायची. हवा आणि दांडी एकदम बदलली तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. फेरीआधी गाडीची तपासणी होते. बॅटरी घट्ट बांधलेली आहे ना, सीटवर सुटी वस्तू नाही ना, चाकांचे नट आवळलेले आहेत ना, डोक्याला हेल्मेट आहे ना, हे सारे पाहतात. लहान गाडीच्या चाकाच्या नटाला सुमारे १०० न्यूटन-मीटर परिबल लागते. ०.४ मीटर लांबीच्या पान्यावर किती बल लावावे लागेल, ते तुम्हीच काढा.

रविवारची गाडी, सोमवारचा रस्ता

शंकूंसाठी नीट जमवलेली गाडी रस्त्यासाठीही चांगलीच, असे कोणाला वाटेल. तसे नाही. कारखान्यातून निघालेल्या बहुतेक गाड्यांमध्ये थोडा अंडरस्टिअर मुद्दाम ठेवलेला असतो. घाबरलेला माणूस काय करतो? तो ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो आणि चक्र आणखी वळवतो. पाय काढला की भार पुढे सरकतो. अंडरस्टिअर असलेल्या गाडीत त्यामुळे पुढच्या चाकांना पुन्हा पकड मिळते आणि गाडी वळते. म्हणजे घाबरण्यातूनही माणूस वाचतो. पण मागची दांडी जाड केलेल्या गाडीत त्याच क्षणी मागची चाके हलकी होतात, शेपटी सुटते आणि गाडी गिरकी घेते. मोकळ्या धावपट्टीवर या गिरकीची किंमत म्हणजे दोन-चार पाडलेले शंकू. घाटातल्या पावसाळी रस्त्यावर, मागच्या सीटवर मुले बसलेली असताना, ती किंमत काय असेल ते सांगायला नको.

म्हणूनच जाणते स्पर्धक संध्याकाळी घरी निघण्यापूर्वी स्टेपनी जागेवर ठेवतात, आणि हवा पुन्हा गाडीच्या दारावरील पट्टीवर लिहिलेल्या दाबाइतकी करतात. दांडीची जाडी मात्र संध्याकाळी बदलता येत नाही. ती निवडताना सोमवारच्या रस्त्याचाही विचार करावा लागतो. आपल्या देशात तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने वाहनाच्या मूळ तपशिलांत मनाला येईल तसे बदल करण्यावर बंधन घातले आहे. धावपट्टीवरची ही कसरत सार्वजनिक रस्त्यावर करून पाहायची नसते, हे वेगळे सांगायला नकोच. तेथे झाडे असतात, माणसे असतात आणि दुसरी फेरी नसते.

पण हा चार तळहातांचा हिशेब प्रत्येक वाहनाला लागू आहे. टपावर सामान चढवले की गुरुत्वमध्य वर जातो. टायर गोटा झाला की पाणी बाहेर पडायला खाचा उरत नाहीत. हवा कमी झाली की टायरची कड घासते. यातले काहीही इंजिनाच्या आवाजावरून कळत नाही. वाकून चाकांकडे पाहावे लागते.

करून पाहा

(१) एका फळीवर आगपेटी आधी आडवी आणि मग उभी ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. पेटी केव्हा घसरते आणि केव्हा कोलमडते? फळीवर खरखरीत कागद चिकटवून हेच पुन्हा करा आणि उंच गाड्यांना मैदानात का घेत नाहीत ते मित्राला समजावून सांगा.

(२) घाटातील एका वळणाची त्रिज्या ३० मीटर आहे. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.८ आणि ओल्या रस्त्यावर ०.४ धरा. दोन्ही वेळी जास्तीत जास्त वेग किती असू शकेल? (उत्तर: ताशी सुमारे ५५ व ३९ किलोमीटर.) घर्षण निम्मे झाले तरी वेग निम्मा का झाला नाही? आणि त्याच वळणावर टायर गोटा झाल्यामुळे ओल्या रस्त्यावरचा घर्षणांक ०.२ वर आला तर ताशी ३९ ने जाणाऱ्या गाडीचे काय होईल?